फायटरची शेपटी गळतेय? आधी पाणी बघा, औषधाची बाटली नंतर

फायटर माशाच्या (म्हणजे बेटाच्या) शेपटीची कड फाटक्या पदरासारखी दिसायला लागली, पर आखडून घेऊन तो खालीच बसून राहायला लागला, की बहुतेक लोक तडक दुकानात जातात आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन येतात. दोन-चार थेंब टाकले, पाणी निळं झालं, मासा तसाच. मग अजून थेंब. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण फिन रॉट, म्हणजे परं कुजण्याचा आजार, वेळेत ओळखला तर बरा व्हायला तसा सोपा आजार आहे आणि तो बरा होतो तो मुख्यतः चांगल्या पाण्यानं. औषध कधीकधी लागतं, नाही असं नाही, पण ते नंतर. उदाहरण फायटरचंच घेतोय कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. गोल्डफिश, गप्पी, एंजल यांनाही बरंचसं असंच लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी हे समजून घ्या की परं कुजवणारे बॅक्टेरिया, म्हणजे एरोमोनास, स्युडोमोनास वगैरे, हे काही नवीन पाहुणे नसतात, जवळजवळ प्रत्येक टँकमध्ये ते असतातच. धडधाकट माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्यांना आत शिरू देत नाही. पाण्यात अमोनिया साठला, पाणी थंड पडलं, दुसऱ्या माशानं परं कुरतडली किंवा टोकदार प्लास्टिकच्या झाडात अडकून फाटली, की तो थर जातो आणि मग हेच बॅक्टेरिया कडेपासून आत खात येतात. म्हणून नुसतं बॅक्टेरिया मारून भागत नाही. थर कशामुळे गेला ते शोधलं नाही तर बरा झालेला मासा महिन्याभरात परत तसाच होणार.

हा फिन रॉटच आहे का ते बघा

फाटलेलं पर आणि कुजलेलं पर यात फरक असतो. नुसतं फाटलं असेल तर चीर सरळ असते, बाकीचा रंग जसाच्या तसा, आणि मासा खातपितो, फिरतो. फायटर स्वतःची शेपटी स्वतः चावतात, विशेषतः ते मोठ्या झुपकेदार शेपटीचे हाफमून, तेव्हा एका रात्रीत अर्धगोल तुकडाच गेलेला दिसतो. फिन रॉटमध्ये कड वेडीवाकडी झिजलेली असते, त्या कडेला पांढरट, काळी नाहीतर लालसर रेघ दिसते, आणि रोज थोडं थोडं कमी होत जातं. पराच्या काड्या उघड्या पडतात, मधला पडदा गेलेला असतो. एक लक्षात ठेवा, काही फायटरच्या परांची कड मुळातच काळी असते आणि मार्बल जातीचे रंगही बदलतात, त्यामुळे नुसती काळी कड बघून घाबरू नका. मोबाईलवर रोज एकाच बाजूनं, शक्यतो एकाच उजेडात फोटो काढत जा. डोळ्याला आठवत नाही, फोटोत मात्र कळतं की कालपेक्षा आज कमी झालंय की नाही.

आता एक गोष्ट जी फिन रॉटसारखी दिसते पण खूप घाई करायला लावते. तोंडाभोवती किंवा पाठीवर पांढरट-राखाडी कापसासारखा थर दिसला, पाठीच्या परापासून दोन्ही बाजूंना खोगिरासारखा फिकट पट्टा आला, आणि मासा जोरजोरात श्वास घेतोय, तर तो कॉलम्नॅरिस, म्हणजे बॅक्टेरियाचाच पण वेगळा आजार, असण्याची शक्यता जास्त. तो जोरात असेल तर एक-दोन दिवसात मासा जातो, आणि गरम पाण्यात तो अजून फोफावतो. तिथे थांबून बघण्यात अर्थ नाही, पाण्याचं काम चालू ठेवून अँटिबायोटिकसाठी त्याच दिवशी जाणकार गाठा.

पाणी तपासणं

पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे चांगलं असतं असं नाही. अमोनिया दिसत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून तो सतत पाण्यात येत असतो. चालू टँकमध्ये फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा बऱ्यापैकी सहन होणारा. हे चांगले बॅक्टेरिया नव्या टँकमध्ये तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि काचेच्या छोट्या बोलमध्ये फिल्टरच नसतो त्यामुळे तिथे ते पुरेसे कधी होतच नाहीत. म्हणून बोलमधला फायटर दोन-तीन महिन्यात गळायला लागतो, आणि घरचे म्हणतात माशाचं आयुष्यच तेवढं असतं. नीट ठेवला तर फायटर दोन-तीन वर्षं सहज जगतो हो.

थेंबांची टेस्ट किट घ्या, पट्ट्यांपेक्षा ती जास्त भरवशाची आणि एक किट पुष्कळ दिवस पुरते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० ते ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आत. अमोनिया ०.२५ जरी दिसला तरी कारण सापडलं असं समजा. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी, तेही बघा, कारण पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, आणि पीएच ८ च्या आसपास असतं, तिथे थोडा अमोनियाही महागात पडतो. किट मिळत नसेल तर वाट बघत बसू नका, पाणी बदलायला सुरुवात करा, त्यात नुकसान काही नाही.

लोडशेडिंग ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे खास वाचा. फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला की आतल्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन मिळत नाही, ते मरायला लागतात, आणि लाईट आल्यावर ते घाण पाणी परत टँकमध्ये येतं. लांब वेळ लाईट गेली असेल तर फिल्टर चालू करायच्या आधी त्यातला स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. नळाखाली धुऊ नका, नळाच्या क्लोरीननं उरलेसुरले चांगले बॅक्टेरियापण जातात. सेलवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो घरात असूच द्या.

पाणी बदलायचं कसं

रोज २५ ते ३० टक्के. सगळं एकदम ओतून बोल घासून नवीन पाणी भरायचं, ही आपल्याकडची सवय माशाच्या जिवावर उठते. बरेच दिवस न बदललेल्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो, अमोनिया त्यात कमी विषारी रूपात पडून असतो. मासा त्या पाण्याला कसाबसा सरावलेला असतो आणि तुम्ही एकदम वेगळ्या पीएचचं, वेगळ्या तापमानाचं पाणी घातलं की त्याला झटका बसतो, लोक म्हणतात पाणी बदललं आणि मासा मेला. तेव्हा हळूहळू. अमोनिया फारच वर असेल तर दिवसातून दोनदा बदला पण थोडं थोडंच.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, पावसाळ्यात तर वासावरूनच कळतो. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत भरून एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे काढणारा दगड) सोडून २४ तास ठेवलं तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते, म्हणजे बहुतेकदा सोडियम थायोसल्फेट, बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका. पिण्याच्या आरओचं पाणी एकटं वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि माशाला ते लागतात. पाणी फारच जड असेल तर आरओ मिसळता येतं पण आजारपणात नको ते प्रयोग. नवीन पाण्याचं तापमान हातानं नाही, थर्मामीटरनं बघा, एक-दीड डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. आणि तळाची घाण छोट्या पाईपनं ओढून काढा, नुसतं वरचं पाणी मगानं काढून उपयोग नाही कारण अमोनिया बनवणारा कचरा खालीच असतो.

आजारी माशाला वेगळं ठेवायचं का?

फायटर एकटाच असेल आणि टँक १५-२० लिटरचा असेल तर तिथेच ठेवा, हलवण्याचाही ताण असतो. इतर मासे, झाडं, गोगलगायी, कोळंबी असतील तर मात्र वेगळा करा, कारण मीठ आणि औषधं त्यांना चालत नाहीत, आणि ज्यानं परं कुरतडली तो मासाही तिथेच असतो. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा हे लांब परांच्या माशांना सोडत नाहीत. दुकानदार 'सगळे चालतात' म्हणून एकत्र देतो पण फायटर, एंजल किंवा लांब शेपटीचे गप्पी यांच्यासोबत ते ठेवू नका, काही औषध करून ते भांडण मिटत नाही.

वेगळ्या टँकला महागडं काही लागत नाही. साबण कधीच न लागलेला १० लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात हळू चालणारा स्पंज फिल्टर, लपायला एखादं छोटं कुंडीचं भांडं, वरून जाळी नाहीतर झाकण कारण फायटर उडी मारतो. पाणी काठापर्यंत भरू नका, तो वर येऊन हवा पितो, पाण्यावर मोकळी हवा राहू द्या. खडी नको, तळ मोकळा असला की घाण दिसते आणि काढता येते. या डब्यातल्या फिल्टरमध्ये बॅक्टेरिया नसणार, म्हणून इथे रोज पाणी बदलणं सुटायला नको. जमलं तर मोठ्या टँकच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा इकडे आणा.

तापमान २५ ते २८ मध्ये स्थिर. मुंबईत बहुतेक वर्षभर निभावतं, पण पुण्यात, नाशकात, विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री छोटा डबा एकदम गार पडतो, आणि गार पडलेल्या फायटरचं पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात, कितीतरी फिन रॉट थंडीतच सुरू होतात. लिटरला साधारण एक वॉट धरून थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या. गोल्डफिशला हीटर नको, त्याला थोडं गारच पाणी मानवतं, पण त्याला जागा आणि फिल्टर फायटरच्या कितीतरी पट लागतो.

मीठ

पाणी सुधारल्यावर दुसरी पायरी मीठ. साधं खडे मीठ, आयोडीन किंवा मोकळं राहण्याची पावडर न घातलेलं. सैंधव, काळं मीठ नको. चमच्यानं मोजू नका, खड्यांच्या आकारानुसार चमच्यात कमीजास्त बसतं, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी अजून १ ग्रॅम म्हणजे एकूण २ ग्रॅम लिटरला, फायटरला एवढं पुष्कळ झालं. ३ च्या वर जाऊ नका. मीठ आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून मग थोडं थोडं सोडायचं, खडे माशावर टाकायचे नाहीत.

इथे बरेच जण गडबडतात. पाणी उडून कमी झालं तरी मीठ उडत नाही, ते तिथेच राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं. आणि पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ नवीन पाण्यात घालायचं. म्हणजे १० लिटरमधून ३ लिटर काढलं तर नवीन ३ लिटरमध्ये ६ ग्रॅम, रोज परत २० ग्रॅम नाही. आठ-दहा दिवस चालू ठेवा, मग साध्या पाण्याच्या बदलीनं हळूहळू मीठ उतरवा. कोरीडोरास, लोच या माशांना मीठ नीट सोसत नाही, त्यांच्याबाबतीत मिठाच्या फंदात न पडलेलं बरं.

याच्या जोडीला बदामाचं पान. आपल्या रस्त्यांवर, शाळेच्या अंगणात, कोकणात तर घरोघरी जे देशी बदामाचं झाड असतं ना, मोठ्या पानांचं, तेच हे, टर्मिनालिया कटप्पा. दुकानात पाकिटातून विकतात, तुम्ही झाडाखालचं आपोआप गळलेलं, तपकिरी, पूर्ण वाळलेलं पान घ्या. हिरवं नको, फवारणी केलेल्या किंवा गाड्यांच्या धुरात असलेल्या झाडाचं नको. धुऊन, १५-२० लिटरला एक मोठं पान. डबा १० लिटरचा असेल तर अर्धं. पाणी चहासारखं होतं, त्यातल्या टॅनिननं बॅक्टेरिया-बुरशीला थोडा आळा बसतो आणि फायटरला ते पाणी मानवतं. पण एवढ्यावर कुजणं थांबेल असं धरून चालू नका, हा आधार आहे.

खायला कमी द्या. दिवसातून एकदा, दोन-तीन दाणे, आणि न खाल्लेलं पाच मिनिटांत काढून टाका. पहिला एखादा दिवस उपाशी राहिला तरी मोठ्या माशाला काही होत नाही. जिवंत ट्युबिफेक्स, ते लाल बारीक किडे, आजारी माशाला अजिबात नको, ते घाण पाण्यात वाढतात आणि सोबत काय घेऊन येतील सांगता येत नाही.

मग औषध कधी?

चार-पाच दिवस पाणी, तापमान, मीठ सगळं नीट झालं आणि फोटोत तरीही झीज पुढे सरकतेय, किंवा परात लाल रेघा दिसतायत, किंवा कुजणं अंगाच्या जवळ पोचलंय, तर थांबू नका. पर मुळाशी जिथे अंगाला जोडलेलं असतं तिथपर्यंत कुजलं की तो भाग बहुतेक परत येत नाही, आणि तिथून संसर्ग अंगात जातो.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. ते मुख्यतः बुरशीसाठी चांगलं, जखमेवर कापूस आलाय, अंडी जपायचीत तेव्हा कामाचं, परं खाणाऱ्या बॅक्टेरियावर त्याचा जोर कमी. शिवाय ते फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मारतं आणि टँकच्या सिलिकॉनला कायमचा निळा डाग पडतो, म्हणून मुख्य टँकमध्ये कधीच नाही. अ‍ॅक्रिफ्लेविन म्हणून पिवळं औषध येतं, सुरुवातीच्या, बाहेरच्या बाहेर असलेल्या फिन रॉटला ते जास्त उपयोगी. कुठलंही औषध टाकताना फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. एअर पंप चालू ठेवा. दोन औषधं एकत्र नकोत. डोस बाटलीवरचा, आणि लिटर हे डब्याच्या स्टिकरवरचे नाही तर प्रत्यक्ष पाण्याचे धरा.

अँटिबायोटिकबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. घरातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणं आपल्याकडे खूप चालतं. एकतर किती टाकायचं हे अंदाजावर, दुसरं म्हणजे टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्याचा परिणाम आणखीच कमी. आणि अर्धवट डोसनं बॅक्टेरिया मरायच्याऐवजी निर्ढावतात. माशांवर काम केलेल्या पशुवैद्याला विचारून, कुठलं, किती लिटरला किती, किती दिवस हे लिहून घ्या आणि मासा बरा दिसला तरी कोर्स पुरा करा. रत्नागिरीत शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, जवळ राहणाऱ्यांनी तिथे विचारून बघायला हरकत नाही.

बरं होतंय हे कसं ओळखायचं

पहिली खूण म्हणजे झीज थांबते. पांढरी-लाल कड जाते, मासा परं उघडून फिरायला लागतो, खायला पुढे येतो. मग कडेला पारदर्शक, अगदी पातळ पडदा यायला लागतो. त्याला बरेच जण परत पांढरं पडलं समजून पुन्हा औषध ओततात, तसं करू नका. ते नवीन पर आहे, रंग मागून भरतो. थोडं गेलेलं दोन-तीन आठवड्यात भरून येतं, अर्धी शेपटी गेली असेल तर दोन महिनेही लागतील, आणि नवीन भाग कधी थोडा वाकडा किंवा वेगळ्या रंगाचा येतो, त्यानं माशाला काही त्रास नसतो. नवीन पडदा नाजूक असतो, तेव्हा फिल्टरचा प्रवाह हळू ठेवा, प्लास्टिकची झाडं काढून टाका. नायलॉनच्या पातळ मोज्याचा तुकडा झाडावरून फिरवून बघा, तो अडकला तर परंही अडकणार.

तुमच्या हाताचंही बघा. बोट कापलेलं असेल तर टँकमध्ये हात घालू नका, माशांच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या जखमेत शिरून महिनोन्‌महिने न जाणारी गाठ करू शकतो. तशी गाठ आली तर डॉक्टरांना घरात मासे आहेत हे आवर्जून सांगा. आजारी डब्याची जाळी, पाईप, बादली वेगळीच ठेवा, वापरून झाली की धुऊन उन्हात कडकडीत वाळवा.

मुख्य टँकमध्ये मासा परत सोडायच्या आधी तिथलं पाणी परत तपासा. अमोनिया तिथेच असेल तर सोडू नका, बोल असेल तर आता १५-२० लिटरचा टँक आणि स्पंज फिल्टर घ्या, दोन्ही मिळून फार खर्च येत नाही. आणि कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातून नवीन मासा आणलात तर त्याला याच रिकाम्या झालेल्या डब्यात तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नका, मासा तेवढा जाळीनं उचलून घ्या.